पाचांतला एक ठोका

"गेला?" मॅडमनं विचारलं.

तिचे डोळे मायक्रोस्कोपला चिकटलेले, हातातल्या चिमट्यात पापणीच्या केसापेक्षा बारीक सुई, आणि समोर चार पाय चिकटपट्टीनं बांधून उताणा झोपवलेला पांढरा उंदीर. त्याची छाती नुकतीच उघडली होती. आणि खोलीत अचानक शांतता.

"गेला नाही," मी म्हणालो. "आवाज गेलाय."

"नकले, आज चेष्टा नको. प्लीज."

"आईशप्पथ, मॅडम. उंदीर ठणठणीत आहे. मशीन मुकं झालंय."

"तुम्ही बटण दाबलंत."

"नाही दाबलं हो!"

"मागच्या वेळी पण असंच नाही म्हणाला होतात."

आता यावर काय बोलणार? मागच्या वेळी मीच दाबलं होतं. त्याच्या मागच्या वेळीही मीच. माझा शब्द या इमारतीत फाटक्या नोटेसारखा आहे. खोटी नाही, पण घेत कुणी नाही.

मी टेबलाखाली वाकून बघितलं. स्पीकरची वायर उंदरानं कुरतडली होती. आमच्या उंदरानं नव्हे, बाहेरच्या. आमचे बिचारे पिंजऱ्यात, गादीवर, वेळेवर जेवण, कुणाला कशाला दात लावतील? हा नळाच्या भोकातून येणारा फुकट्या. त्यानं सगळं कुरतडून एक तार तेवढी शिल्लक ठेवली होती आणि ती माझ्या स्टुलाच्या पायानं आत्ता तोडली. भाऊबंदांचा सूड म्हणायचा, दुसरं काय.

"जोडता येईल?" मॅडमनं विचारलं.

"येईल. पण मला खाली शिरून बसावं लागेल. मग वरचं कोण बघणार?"

वरचं बघणं हेच माझं काम. उंदराच्या हृदयाचं ऑपरेशन मॅडम करते, आणि तेवढा वेळ उंदीर जिवंत आहे ना, हे मी बघतो. त्याच्या पायांत सुईएवढ्या तारा खुपसलेल्या, त्यांतून हृदयाची रेघ पडद्यावर चालते. थर्मामीटर जिथं घालू नये तिथं घातलेला. पाठीखाली गरम गादी, कारण एवढासा जीव झोपला की लगेच गार पडतो. घशात नळी, नळीला श्वासाचं मशीन, मशीनला झोपेचा गॅस. गॅसची चकती माझ्या डाव्या हाताशी. मॅडम म्हणणार "वाढवा", मी वाढवणार. म्हणणार "कमी", मी कमी करणार. इतकी वर्षं झाली, हात आता डोक्याला विचारतही नाही.

आणि आवाज. उंदराचं हृदय मिनिटाला साडेतीनशेच्या आसपास पळतं. प्रत्येक ठोक्याला मशीन वाजलं तर कानात रातकिडा बसल्यासारखं होईल. म्हणून मशीन पाच ठोक्यांतून एकदा 'टुक' म्हणतं. कानाला येतात सत्तर. म्हणजे डोळे मिटून ऐकलंत, तर शेजारी कुणी माणूस झोपलंय असंच वाटेल.

मॅडमचे दोन्ही डोळे कामात असतात, म्हणून ती कानांनी पहारा देते. टुक-टुक जलद झालं, म्हणजे उंदीर झोपेतून वर येतोय, त्याला दुखायला लागणार. मंद झालं, म्हणजे बुडतोय. ती अर्ध्या श्वासात ओळखते.

"मी आकडे बोलत राहतो," मी म्हणालो.

"आकडा ऐकला की मला विचार करावा लागतो. आवाजाला विचार लागत नाही." सुई हवेत तशीच. "तुम्हाला येतो ना तो आवाज? सगळ्यांना छळत असता त्यानं."

"येतो."

"मग करा."

"तोंडानं?"

"नाही, कोपरानं! करा, नकले. छाती उघडी आहे."

मी स्टूल पुढे ओढलं, पडद्यावरच्या आकड्यावर डोळे लावले, जीभ टाळूला चिकटवली आणि सुरू झालो. टुक. टुक. टुक.

आता माझी पंचाईत ऐका.

माझं आडनाव नकले नाही. नकला करतो म्हणून मॅडमनं ठेवलेलं, आणि वर मानानं 'अहो नकले'. बाकी लोक सरळ नकल्या म्हणतात. मला मोठ्या साहेबांचा आवाज येतो, लिफ्टचा येतो, झाडूवालीच्या चपलेचा येतो. स्टोअरच्या बाबूला मी एकदा साहेबांच्या आवाजात फोन करून उंदरांच्या मिशा मोजायला लावल्या होत्या. जेवायच्या सुट्टीपर्यंत मोजत होता बिचारा. वर मलाच येऊन म्हणाला, "सगळ्यांच्या सारख्या नसतात हो!" मी म्हटलं, "काय सांगता!"

तर अशा माणसाला एक खरं वाक्य बोलायचं होतं.

हा आमचा शेवटचा उंदीर. प्रयोग संपला. बाकी मंडळी केव्हाच नव्या इमारतीत गेली. तिथली मशीनं स्वतःच बघतात, स्वतःच ओरडतात, माणूस लागत नाही. मला पिंजरे धुण्याच्या खोलीत टाकलंय. आणि मॅडम निवृत्त होऊन उद्या सकाळी तिच्या दादाच्या गावी चाललीय, कायमची. सामान गेलंसुद्धा. मला तिला एवढंच सांगायचं होतं, की मॅडम, तुम्ही गेल्यावर मला करमणार नाही.

बस. एवढंच. यात काही वावगं नाही. तिनं लग्न केलं नाही, मी लग्नाच्या वयाचा राहिलो नाही, आणि या वयात कोण कुणाला पळवून नेतंय? पण सांगायचं होतं. न सांगता ती गेली असती, तर ते वाक्य मी पिंजऱ्यांना सांगत बसलो असतो.

सकाळी चहाच्या वेळी मी हिय्या केला. कपात बघत म्हणालो, "मॅडम, तुम्ही गेल्यावर मला करमणार नाही."

तिनं कप खाली ठेवला. मान तिरकी करून गाणं ओळखावं तसा चेहरा केला आणि खुदकन हसली. "हा कुणाचा आवाज? ओळखू येत नाहीये. पुन्हा म्हणा बरं."

पुन्हा काय म्हणणार, कप्पाळ! "स्टोअरच्या बाबूचा," मी म्हणालो.

"छे. नाही जमला."

जमणार कसा? तो माझाच होता. तिनं तो कधी ऐकलाच नव्हता.

मग मी ठरवलं, ऑपरेशनच्या वेळी सांगायचं. तिचे डोळे मायक्रोस्कोपात असतात, तिला माझं तोंड दिसत नाही. हात गुंतलेले, त्यामुळे उठून जाता येत नाही. शिवाय टुक-टुक चालू असलं की ती कधी हसत नाही. मोठा हुशार बेत होता. आणि आता त्याच बेतात मी तोंडानं टुक-टुक करत बसलो होतो. एक अक्षर बोलायची सोय नाही. फुकट्या उंदरानं नेमकी वायर कापली होती.

टुक. टुक. टुक.

थोड्या वेळानं जीभ दुखायला लागली. आकडा बघा, मनात भागा, ताल धरा. शाळेत गणित कच्चं म्हणून तर नकला करायला लागलो होतो. मग मला युक्ती सुचली. आमच्यासारख्याला नको तेव्हा सुचतातच. मी उजव्या हाताचं बोट हळूच मानेवर ठेवलं, जबड्याखाली, जिथं नाडी लागते. माझी नाडी बरोबर उंदराच्या तालात चालली होती. त्याचे साडेतीनशे, माझे सत्तर. वा! देवानं कॉपी पुरवावी तशी. मग काय, पडद्याकडे अधूनमधून नजर टाकायची आणि बोटाखाली लागेल तसं टुक म्हणायचं. डोक्याला ताप नाही.

"छान," मॅडम म्हणाली. "मशीनपेक्षा बरं वाटतंय."

टुक.

"गंमत आहे नाही? इतक्या वर्षांत पहिल्यांदा तुम्ही मला मध्येच तोडू शकत नाही."

टुक.

"मग बोलून घेते." तिचा हात चालूच होता. चिमटा पुढे, चिमटा मागे. "पहिल्या दिवशी तुम्ही माझ्या एप्रनच्या खिशात रबराचा उंदीर ठेवला होतात. आठवतंय? मी ठरवलं होतं, साहेबांना सांगून या माणसाला आधी काढायला लावायचं."

टुक. टुक.

"मग दुपारी आपलं पहिलं जनावर दगावलं. मी जिन्यात जाऊन बसले. तुम्ही आलात आणि लिफ्टचा आवाज काढून दाखवलात. काही बोलला नाहीत. नुसता लिफ्टचा आवाज. दार उघडलं, दार बंद झालं." ती थांबली. सुईचा नेम धरला. "मी तेव्हा हसले नव्हते. घरी जाऊन हसले."

मला जिना आठवत होता. लिफ्ट का काढली ते आठवत नव्हतं. बहुतेक बोलायला काही सुचलं नसेल.

"दादा म्हणतो, इकडे ये, घर भरलेलं आहे. मुलं, सुना, नातवंडं, दिवसभर गलका. जाते म्हटलं. पण मला गलक्याची सवय नाही हो. मला या टुक-टुकीची सवय आहे. घरी गेलं की मी रेडिओ लावून दुसऱ्या खोलीत बसते. ऐकत नाही. नुसता असावा म्हणून."

टुक. टुक. टुक.

आमच्याकडे आई होती, तोपर्यंत मला रेडिओ लागला नाही. किल्ली खिशात असूनसुद्धा मी रोज बेल वाजवायचो. आतून आई विचारायची, "कोण आहे?" मी रोज वेगळा आवाज. वीजबिलवाला, इन्स्पेक्टर, तिचाच भाऊ. तिला सगळं कळायचं, तरी रोज म्हणायची, "घरात कुणी नाही, पोरगा आला की या." आई गेली. मी बेल अजून वाजवतो. वाजवायची, जरा थांबायचं, मग किल्ली लावायची. शेजारीण एकदा म्हणाली, "भाऊजी, स्वतःच्याच घराची बेल?" मी म्हटलं, "वहिनी, झुरळांना कपडे घालायला वेळ द्यावा लागतो."

"खरं सांगू, नकले?" मॅडम म्हणाली. आवाज खाली आला होता, स्वतःशी बोलल्यासारखा. "ही खोली मला खायला उठली असती. तुम्ही होतात, म्हणून निभावलं."

आता तुम्हीच सांगा, असं कुणी बोललं तर माणसाच्या नाडीनं काय करावं?

माझं बोट मानेवर. जीभ बोटाच्या तालावर. काळीज उडालं ते थेट जिभेवर. टुकटुक, टुकटुक, टुकटुक.

"वाढला." मॅडमचा आवाज एका क्षणात कामाचा झाला. "जागा होतोय. गॅस वाढवा."

आणि माझ्या हातानं वाढवला.

सांगितलं ना, हात डोक्याला विचारत नाही. चकती फिरली. मॅडमनं सुई थांबवली, उंदीर पुन्हा खोल जायची वाट बघत राहिली. मी टुकटुक करतोय, आणि काळीज काही खाली येईना. उलट घाबरून अजून जोरात.

"अजून कमी होत नाहीये. आणखी वाढवा."

हात पुन्हा चकतीवर गेला, आणि तेव्हा मी उंदराकडे बघितलं. पडद्याकडे नाही, उंदराकडे. पांढऱ्या उंदराचा डोळा लाल असतो, रंगामुळे नव्हे, आतल्या रक्तामुळे. मलम लावलेला तो डोळा टेबलावरच्या दिव्यात डाळिंबाच्या दाण्यासारखा चमकतो. तो दाणा फिका पडत चालला होता. श्वासाचं मशीन छाती वरखाली करतच होतं, ते मेलेल्याचीही करतं. मी पडद्याकडे बघितलं. आकडा उतरत होता, आणि माझी जीभ मात्र लग्नाचा बँड वाजवत होती.

"मॅडम, तो माझा होता."

"काय?"

"ठोका. उंदराचा नव्हता. मी माझ्या नाडीवर बोट ठेवून टुक म्हणत होतो. वाढला तो माझा. तो बुडतोय."

"गॅस बंद! नुसती हवा!" ती ओरडली. "नकले, ही चेष्टा असेल ना—"

"नाही."

एवढंच म्हणालो. कुणाच्या आवाजात, ते बघायला वेळ नव्हता. पण तिनं पुढे काही विचारलं नाही. गॅस मी आधीच बंद केला होता. हवा वाढवली, गादीचं तापमान बघितलं. मॅडमनं सुई खाली ठेवून एका बोटानं त्याचं हृदय हळूहळू दाबायला सुरुवात केली. वाटाण्याएवढं हृदय, वर बोटाचं टोक.

मी आता आवाज काढत नव्हतो. खोलीत श्वासाच्या मशीनचं फुसफुस तेवढं. माझ्या चाळ्यापायी, माझ्या फाजीलपणापायी तिचा शेवटचा उंदीर चालला होता. इतकी जनावरं या टेबलावर गेली, पण एकही माझ्या जिभेनं गेलं नव्हतं.

"डोळा सांगा," ती म्हणाली.

"फिकाच."

ती दाबत राहिली.

"डोळा."

"फिका... थांबा. कडेला आलाय. रंग आलाय, मॅडम."

पडद्यावरची रेघ आधी आळसावल्यासारखी हलली, मग पाय मोकळे करत चालायला लागली. आकडा चढला. डोळ्यात दाणा पुन्हा भरला. मॅडमनं बोट काढलं आणि तिथंच, हात वर धरून, थोडा वेळ बसून राहिली.

"गॅस थोडा द्या. हळू."

दिला.

"आता आवाज द्या. पडद्यावरून."

मी दोन्ही हात तिला दिसतील असे टेबलावर ठेवले. आकडा बघितला, मनात भागलं, आणि एकेक टुक तोलून देऊ लागलो. चुकीचं एकही दिलं नाही.

सुई आत गेली. हृदयाला रक्त पुरवणाऱ्या नळीखालून दोरा पलीकडे निघाला. इतर उंदरांना तिथं गाठ मारायची, नळी आवळायची, मग हृदयाचं काय होतं ते पुढं बघायचं. पण तुलनेला काही उंदीर असे लागतात, ज्यांचं सगळं तसंच करायचं, फक्त गाठ मारायची नाही. हा त्यांतला होता. दोरा आत गेला, बाहेर आला आणि निघून गेला. मागे काहीच राहिलं नाही. मग छाती शिवली, कातडी शिवली.

नळी काढली, तेव्हा त्यानं स्वतःचा श्वास घेतला. मी थांबलो. जीभ बधिर झाली होती.

आम्ही त्याला गरम पेटीत ठेवलं. तो बराच वेळ पडून राहिला. मग एक कान हलला, मग मिशा. मग डुगडुगत उठला आणि इकडेतिकडे बघून तोंड धुवायला लागला, जणू कुणाकडे जायला उशीर झालाय.

मॅडमनं हातमोजे काढले. हत्यारं मोजून ठेवली. माझ्याकडे पाठ करून म्हणाली, "कशामुळे वाढला?"

माझ्याकडे उत्तरं तयार होती. भूक लागली होती. चढ्या भावाची बातमी आठवली. तुमच्या दादाचा फोटो डोळ्यांसमोर आला. तीनचार तर जिभेच्या टोकावर होती, आणि जीभ बधिर असली तरी तेवढी चालली असती.

"तुम्ही गेल्यावर मला करमणार नाही, मॅडम," मी म्हणालो.

ती वळली. हा कुणाचा आवाज, असं विचारलं नाही. माझ्याकडे बघत राहिली, एखादा उंदीर जगणार का हे बघते तशी. मग जवळ आली, माझं मनगट उचललं, दोन बोटं नाडीवर ठेवली आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे नजर लावली. काटा अख्खा फेरा फिरून आला तरी तिनं सोडलं नाही. तिची बोटं मोज्यातल्या पावडरीनं कोरडी झाली होती.

"थोडा जास्त आहे," ती म्हणाली. "उतरेल हळूहळू."

"तुमचा?" मी विचारलं.

"माझा मी बघते." तिनं मनगट माझ्या मांडीवर नीट ठेवलं, उसनी वस्तू परत ठेवावी तसं. पर्स घेतली. दारात थांबली. "वायर जोडून घ्या. नंतर कुणाला लागली तर."

"हो, मॅडम."

नंतर कुणाला लागणार नव्हती, हे दोघांनाही ठाऊक होतं. तरी मी खाली शिरून बसलो आणि जोडली. टुक झालं नाही, कारण टेबलावर कुणी नव्हतं. उंदराला पिंजऱ्यात नेऊन ठेवलं, पाणी लावलं, तिथल्या रखवालदाराला म्हटलं, "याला जरा जपा, याला गाठ नाही." त्याला कळलं नाही. म्हणाला, "नकल्या, आज कुणाचा आवाज काढतोयस?"

"घसा बसलाय," मी म्हणालो.

घरी पोचलो, तेव्हा जिन्यात अजून उजेड होता. किल्ली खिशात होती. मी बेल वाजवली आणि नेहमीसारखा थांबलो. आत बेलचा आवाज खोल्यांतून फिरून परत आला. शेजारणीच्या घरात कुणी भांडी लावत होतं.

कुणी विचारलं नाही. तरी मी दाराच्या जवळ तोंड नेऊन सांगितलं.

"मी आहे."

मग किल्ली लावली.